आवाज वाढवा, गायधनी

नाना खैरनार कसोटी सामना बघायला येत नसत, ऐकायला येत. ऑस्ट्रेलियात सामना असला की पहाटे पाचच्या सुमाराला आमच्या दारावर बोटाच्या पेराने टकटक होई. बेल ते वाजवत नसत, कारण बेलचा आवाज होतो. गळ्याला मफलर, हातात स्वतःच्या चहाचा थर्मास. सोफ्याच्या उजव्या कोपऱ्यात बसायचं आणि दोन्ही तळहात मांड्यांखाली दाबून ठेवायचे. समालोचन सुरू झालं की म्हणत, "बारीक करा हो. ते दोघं आपसांत बोलताहेत, आपण कशाला कान लावायचा?" पण खेळता खेळता एखादा क्षेत्ररक्षक सीमारेषेवर, प्रेक्षकांच्या अगदी पुढ्यात जाऊन उभा राहिला की नाना पुढे सरकत आणि कुजबुजत, "आवाज वाढवा, गायधनी."

कुजबुजत हा शब्द मी शब्दशः वापरतो आहे. नाना उंचीने दाराच्या चौकटीला टेकतील असे, छाती पाण्याच्या पिंपाएवढी, आणि पेशाने शाळेत क्रीडाशिक्षक. कुजबुजणारा क्रीडाशिक्षक मी नोकरीच्या सगळ्या वर्षांत दुसरा पाहिला नाही. आमची ही चिडवायची, "नाना, आपण जिंकतोय! दवाखान्यात बसल्यासारखे काय बसता?" त्यावर नाना हसत आणि तिच्याही वाट्याला कुजबूजच येई, "वहिनी, जिंकू द्या की. मी कुठे अडवलंय?"

मी पंचवटीतल्या त्या शाळेत मराठी शिकवायला लागलो, तेव्हा मात्र नानांना पोरं भोंगा म्हणत. सकाळच्या प्रार्थनेला त्यांनी 'सावधान' म्हटलं की शाळेबाहेर बसची वाट बघणारी माणसंसुद्धा नीट उभी राहत, असं सांगतात. मी स्वतः रिक्षावाल्याला चहाचा ग्लास खाली ठेवताना पाहिलं आहे. गणपतीच्या मिरवणुकीत तर त्यांना मागणी असे. मंडळाची पोरं आधीच घरी येऊन शब्द घेऊन जात. रविवार कारंजावर नानांनी 'गणपती बाप्पा' म्हटलं की पुढचा शब्द कुठपर्यंत म्हटला जाईल, याचा नेम नसे. नानांचं त्यावर एक शास्त्र होतं. शिक्षकांच्या खोलीत ते ऐकवत, "घोषणा म्हणजे काय हो? एकानं टाकायची, हजारांनी उचलायची. आणि गंमत सांगू? उचलणारा कधी बघत नाही काय टाकलंय ते. तुम्ही टाका, तो उचलतोच."

हे शास्त्र बरोबर होतं. एवढं बरोबर असायला नको होतं.

पुढे ऑस्ट्रेलियाचा संघ आपल्याकडे आला. त्या दौऱ्यातल्या एका कसोटीला नाना आणि आणखी काही जण रजा टाकून गेले. शहराचं नाव मी मुद्दाम सांगत नाही. सांगितलं तर त्या शहरातले लोक रागावतील आणि बाकीच्या शहरांना उगाच बरं वाटेल. तिसऱ्या दिवशी दुपारी खेळ रेंगाळला होता. त्यांचा एक बदली खेळाडू, कुणाच्या तरी जागी तासाभरापुरता मैदानात आलेला, नानांच्या स्टँडसमोर सीमारेषेवर येऊन उभा राहिला. सावळ्याहून सावळा, पोरगेलासा. त्याचं नाव आज कुणाला आठवत नाही, पुढे तो फारसा कुठे खेळल्याचंही दिसलं नाही. ऊन तापलेलं, लोक कंटाळलेले. नाना उठले, हात उंच केला आणि एक घोषणा टाकली.

ती मी लिहिणार नाही. दोन तुकड्यांची होती, चालीवर म्हणता येण्याजोगी, आणि तिच्यात त्या पोराच्या रंगावरून एका प्राण्याचं नाव होतं. स्टँडने ती उचलली. मग शेजारच्या स्टँडने. त्या पोराला आपली भाषा येत नव्हती. त्याला ऐकू आली ती फक्त चाल, आणि एवढ्या माणसांचा एका सुरात आलेला आवाज. तो वळला. त्याने डोक्यावरची टोपी काढली आणि सगळ्या स्टँडला, खालपासून वरपर्यंत, हसून हलवून दाखवली.

स्टँड हसून लोळला. टीव्हीच्या कॅमेऱ्याने आधी त्याची टोपी दाखवली, मग नाना दाखवले. छाती, वर उचललेला हात, उघडं तोंड. नाशिकभर लोकांनी ते बघितलं.

नाना परत आले, ते शाळेत प्रमुख पाहुणे येतात तसे आले. मुख्याध्यापकांनी प्रार्थनेनंतर त्यांना पुढे बोलावलं, गुलाबाचा गुच्छ दिला आणि "आपल्या शाळेचा आवाज सातासमुद्रापार पोहोचला" असं वाक्य उच्चारलं. सातासमुद्रापार नेमकं काय पोहोचलं, याची चौकशी मुख्याध्यापकांनी केली नव्हती. आम्ही शिक्षकांनीही केली नाही. टाळ्या वाजवल्या आणि तासाला गेलो. नाना तेव्हा खूश होते, हे लपवण्यात अर्थ नाही. पुढे त्यांनीच ते कधी लपवलं नाही.

त्यानंतर काही दिवसांनी आमच्या मैदानावर आंतरशालेय खो-खोचे सामने झाले. सुरगाण्याकडच्या एका आश्रमशाळेचा मुलींचा संघ आला होता, आणि त्यांचे शिक्षक भोये सर. बारीक अंगाचे, कमी बोलणारे, पांढऱ्या सदऱ्याच्या खिशाला दोन पेनं. मुली अनवाणी खेळत आणि असं पळत की आमच्या मुलींना खांबाकडे बघायला वेळ मिळेना. पंच नाना होते. शिट्टी त्यांच्या तोंडात होती.

आमची पोरं मैदानाभोवती तीन-चार रांगांत बसलेली. आपण हरतोय हे त्यांच्या लक्षात आलं, आणि आठवीच्या रांगेतून कुणीतरी नानांची घोषणा टाकली. तिचा पहिला तुकडा. अगदी नानांच्याच चालीवर, हात वर करून. सगळ्या शाळेने दुसरा तुकडा उचलला.

त्या मुलींना मराठी येत होतं. मैदानावरच्या त्या दोन घटनांमध्ये फरक असलाच तर एवढाच.

पाठलाग करणारी मुलगी त्यांची कर्णधार होती, सुनीता गावित. ती धावता धावता थांबली. तिने भोये सरांकडे बघितलं. मी मैदानाच्या कडेला नावं लिहायला बसलो होतो. मला नानांचा चेहरा समोरून दिसत होता. शिट्टी दातांत, गाल फुगलेले, आणि हवा काही बाहेर येईना. पंचाने शिट्टी मारायची, खेळ थांबवायचा, पोरांना उठवून वर्गात घालवायचं. ते सगळं त्यांना येत होतं. पण ती घोषणा बंद करायची म्हणजे ती कुठून आली हे आधी कबूल करायचं. ते त्यांना त्या क्षणी जमलं नाही. भोये सर तिकडून एवढंच म्हणाले, "खेळ." सुनीता वळली आणि खेळली. त्यांचा संघ जिंकला. घोषणा शेवटपर्यंत चालू होती.

चहाच्या वेळी भोये सर आमच्यात येऊन बसले. बशीत चहा ओतला आणि नानांना म्हणाले, "तुमच्या पोरांचा आवाज लय भारी हाय, सर. कुणी शिकवला?"

ते टोचून बोलले की सरळ विचारलं, हे मला आजही ठरवता येत नाही. नानांनाही नाही आलं. त्यांनी कप खाली ठेवला. त्यानंतर मी त्यांचा मोठा आवाज ऐकला तो पुष्कळ वर्षांनी, एकदाच.

दुसऱ्या दिवशी नाना मुख्याध्यापकांकडे गेले. म्हणाले, "त्या मुलींना परत बोलवा. शाळेसमोर मला माफी मागायचीय." मुख्याध्यापक चांगले गृहस्थ होते. त्यांनी नानांना बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाले, "अहो खैरनार, खेळात चालतं हे. त्यांनी तक्रार केली का? नाही ना? मग आपण कशाला उकरून काढायचं? शाळेची बदनामी होते." बदनामी या शब्दाशी आमच्या संस्थेत सगळे दरवाजे बंद होत असत.

मग एका रविवारी नाना आश्रमशाळेत निघाले. सोबत म्हणून मला नेलं. भोये सरांनी आम्हाला ऑफिसात बसवलं, दार लोटलं, चहा मागवला. नाना खाली मान घालून, हलक्या आवाजात बोलले. बोलणं झाल्यावर भोये सरांनी खिशातली पेनं नीट केली.

"सर, तुम्ही मला कशाला सांगता?" ते म्हणाले. "मला कुणी काय बोललं नाय. पोरींना बोलले. ते बी तुमच्या मैदानावर, सगळ्या शाळेपुढं. हितं दार लावून माझ्या कानात सांगून त्यांना काय ऐकू येणार?"

"मग बोलवा त्यांना. बाहेर सांगतो."

"हितं त्यांना कुणी बोललंच नाय ना, सर."

रागाचा लवलेश नव्हता. हिशेब समजावून सांगावा तसं सांगितलं. बाहेर पडवीत मुली भांडी घासत होत्या. त्यांनी आम्हाला नमस्कार केला. सुनीताने नाही केला.

परतताना वणीच्या स्टँडवर बस थांबली. नवरात्र नुकतंच झालं होतं, देवीच्या गडावरून आलेल्यांची गर्दी अजून होती. नाना खाली उतरले नाहीत. खिडकीच्या गजाला कपाळ टेकवून म्हणाले, "माले लाज वाटस, गायधनी." ते मूळचे सटाण्याकडचे. शाळेत कधी अहिराणी बोलत नसत. ती घरची बोली होती, आईशी बोलायची. मी शेंगदाणे घेऊन आलो. मराठीचा शिक्षक असूनही.

तेव्हापासून नाना कुजबुजू लागले. प्रार्थनेला हाताने खूण करीत, कवायत शिट्टीवर घेत. पोरांना आधी गंमत वाटली, मग सवय झाली, मग नव्या पोरांना वाटलं की सरांच्या घशाचं ऑपरेशन झालंय. गणपतीत मंडळाची पोरं आली तेव्हा म्हणाले, "दुसरा बघा." मी एकदा चिडून विचारलं की ही कसली शिक्षा, कुणाला दिसते ती? नाना म्हणाले, "शिक्षा नाही हो. जिथं वापरायचाय तिथं मला वापरू देत नाहीत. मग बाकीच्या ठिकाणी कशाला?" ते रुसलेले नव्हते. तो आवाज त्यांनी एका कामासाठी बाजूला काढून ठेवला होता, एवढंच.

पहाटेच्या सामन्यांना ते याच दिवसांत येऊ लागले. भारत आणि ऑस्ट्रेलिया यांच्या कसोटींचा इतिहास मी त्यांच्या तोंडून ऐकला, तसा कुठल्या पुस्तकात वाचला नाही. आकडे त्यांना पाठ होत नसत. सरासरी सांगायला गेले की मी दुरुस्त करायचो आणि ते म्हणायचे, "असेल. ते तुमचं." त्यांचा इतिहास वेगळ्याच गोष्टी मोजत चाले. "स्वातंत्र्य मिळालं त्याच वर्षी आपण तिकडे गेलो, पार धुऊन काढलं आपल्याला. त्यात लाज नाही. हरायला गेलो नव्हतो, हरलो. पण पुढं आपल्याच मैदानात एक बाद दिला तो लोकांना पटला नाही, तेव्हा खुर्च्या पेटवल्या. ती लाज." मग मेलबर्न. "आपला कर्णधार चिडला, जोडीदाराला घेऊन मैदानाबाहेर निघाला. तो सामना शेवटी आपण जिंकलो. म्हणून कुणाला आठवत नाही की निघालो होतो." कोलकात्याचा तो फॉलोऑननंतरचा विजय सगळ्या देशाला तोंडपाठ आहे, नाना त्यावर म्हणत, "मोठा होताच. पण त्यात मी कुठे होतो? मी काहीच केलं नाही. मग मी छाती कशाला फुगवू?" मी म्हटलं, "प्रेक्षकाने छाती फुगवायची नाही तर काय करायचं?" म्हणाले, "प्रेक्षकानं केलंय त्याचाच हिशेब प्रेक्षकानं ठेवावा. जिंकतात ते अकरा जण. माझ्या नावावर काय, तर एक घोषणा."

एका दौऱ्यात सिडनीला आपल्या एका खेळाडूने त्यांच्या खेळाडूला उद्देशून एक शब्द उच्चारला की नाही, यावरून दौरा मोडायची वेळ आली होती. शब्द साधारण नानांच्याच घोषणेतला. आमच्या शिक्षकांच्या खोलीत दोन तट पडले. नाना कोपऱ्यात खो-खोच्या खांबांना रंग देत बसले होते. कुणीतरी त्यांचं मत विचारलं. "त्यानं म्हटला की नाही ते मला माहीत नाही," नाना कुजबुजले. "मी म्हटला होता, ते माहीत आहे." भूगोलाच्या बाईंनी नव्या वेळापत्रकाचा विषय काढला आणि सगळ्यांना एकदम त्यात रस वाटू लागला.

आणि मग करोनाच्या काळातला तो दौरा. ॲडलेडला आपण छत्तिसात गुंडाळले गेलो तेव्हा नाना थर्मास उचलून घरी गेले. पुढे सिडनीला आपला एक गोलंदाज सीमारेषेवर उभा होता आणि मागचे प्रेक्षक त्याला काहीबाही बोलत होते. त्याने वळून टोपी हलवली नाही. तो सरळ पंचांकडे गेला, स्टँडकडे बोट दाखवलं. खेळ थांबला. पोलिसांनी काही जणांना उठवून बाहेर नेलं. मी संतापलो होतो, आमची ही संतापली होती, माझा मोबाइल संतापाने थरथरत होता. नानांनी मांड्यांखालचे हात काढले आणि डोळ्यांवर धरले.

"थांबवता येतो," ते म्हणाले. "बघा, खेळ थांबवता येतो."

आमच्या संस्थेने त्या आठवड्यात शिक्षकांच्या सभेत सिडनीच्या प्रेक्षकांचा निषेध करणारा ठराव मांडला. तोंडाला मास्क लावून सगळ्यांनी हात वर केले. अध्यक्ष भाऊसाहेब म्हणाले, "खैरनार सर, 'निषेध असो' अशी एक घोषणा होऊन जाऊ द्या, तुमचा तो जुना आवाज." नाना उठले. "ठराव चांगला आहे," ते हळूच म्हणाले. "सिडनीला पोचेल का?" आणि बसले. भाऊसाहेबांना ते ऐकू गेलं नाही. त्यांनी आभार मानले.

त्याच्या पुढच्या वर्षी नाना निवृत्त झाले. संस्थेला सत्कार करायची हौस दांडगी. शाल, श्रीफळ आणि सन्मानचिन्ह ठरलं. सन्मानचिन्हावर धावता घोडा होता, तो बहुधा दुसऱ्या कुणाच्या सत्कारातून उरलेला. नानांनी आधी नको म्हटलं, मग अचानक हो म्हटलं, दोन अटींवर. सत्कार शाळेच्या मैदानावर करायचा. आणि भोये सरांना व त्या वर्षीच्या आश्रमशाळेच्या मुलींना बोलवायचं. भाऊसाहेबांना कल्पना फार आवडली. निमंत्रणपत्रिकेवर 'आदिवासी क्रीडारत्न भगिनींचा गौरव' अशी एक जादा ओळ छापून आली. भगिनींना ती विचारून छापलेली नव्हती.

सगळ्या मुली काही येऊ शकल्या नाहीत. ज्या आल्या त्यांतल्या एकीच्या कडेवर मूल होतं. सुनीता पोलिसात लागली होती, साध्या साडीत आली. भोये सर निवृत्त होऊन आणखी बारीक झाले होते, खिशाला पेन आता एकच. त्यांना पहिल्या रांगेत बसवलं आणि प्रत्येकीच्या हातात गुच्छ दिला. गुच्छाचं काय करायचं हे न कळून त्या तो मांडीवर आडवा धरून बसल्या. प्रमुख पाहुणे यायचे होते, म्हणजे उशिरा आले. मग दीपप्रज्वलन, मग वाऱ्याने दिवा विझला, मग पुन्हा दीपप्रज्वलन.

एका तरुण शिक्षकाने हौसेने नानांच्या जीवनावर चित्रफीत केली होती. मोठा पडदा, दोन बाजूंना स्पीकर. नानांचं बालपण, नानांच्या हातची बक्षिसं, आणि मग त्या पोराने इंटरनेटवरून शोधून काढलेला तो तुकडा. पडद्यावर नाना, वर उचललेला हात. स्पीकरमधून घोषणा. पहिला तुकडा, मग हजारोंच्या तोंडून दुसरा. त्याच मैदानावर, त्याच मुलींसमोर, पहिल्यापेक्षा कितीतरी मोठ्याने. मग तो पोरगेलासा खेळाडू वळला आणि त्याने टोपी हलवली. मांडवात टाळ्या झाल्या. कडेवरचं मूल दचकून रडायला लागलं.

मी सुनीताकडे बघितलं नाही. मला जमलं नाही.

नानांना बोलायला बोलावलं. ते उभे राहिले. खांद्यावरची शाल काढून घडी केली, खुर्चीवर ठेवली. माईक हाताने बाजूला सारला. सूत्रसंचालिका धावत तो परत लावायला आली. त्यांनी मान हलवून तिला थांबवलं. आणि मग तो आवाज आला. वय झालं होतं, पण तो आवाज जराही झिजलेला नव्हता. भिंतीपलीकडे रस्त्यावर कुणीतरी स्कूटर थांबवली.

"आत्ता तुम्ही ऐकलं ते मी बोललो होतो. तो पाहुणा होता. माझ्या पोरांनी ते माझ्याकडून घेतलं आणि याच मैदानावर या मुलींना ऐकवलं. शिट्टी माझ्या तोंडात होती. मी वाजवली नाही. मुलींनो, मी चुकलो!"

शेवटचे दोन शब्द त्यांनी घोषणेसारखे टाकले. ते त्यांना तसेच येत होते. आणि मांडवात मागच्या रांगांतून, निव्वळ सवयीने, "जय" असा अर्धामुर्धा आवाज उठला, गोंधळला आणि विरून गेला. मग कुणीच काही उचललं नाही. जनरेटरचा आवाज तेवढा येत राहिला. नाना उभेच. हजारांच्या उत्तराची सवय असलेला माणूस, आणि समोर सगळं मैदान गप्प.

सुनीता उठली. गुच्छ खुर्चीवर ठेवला. पोलिसात आवाज कमवावा लागतो, तिलाही माईक लागला नाही.

"ऐकू आलं, सर."

एवढंच म्हणून ती बसली. भोये सरांनी वर बघितलं नाही. नानांनी हात जोडले, पायऱ्या उतरले आणि आपल्या खुर्चीवर न जाता माझ्या शेजारी येऊन बसले. भाऊसाहेबांनी लगेच माईक घेतला आणि "यालाच म्हणतात मोठेपणा" अशी सुरुवात करून बराच वेळ विनम्रतेवर बोलले. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छायाचित्र आलं. बातमी अशी होती की खैरनार सरांच्या खणखणीत आवाजाने मैदान दुमदुमलं. ते काय म्हणाले, यासाठी जागा उरली नसावी.

मी नानांना विचारलं, बरं वाटलं का? ते म्हणाले, "बरं वाटायला केलं नव्हतं. ती काय म्हणाली, लक्ष दिलंत? ऐकू आलं म्हणाली. माफ केलं म्हणाली नाही. बरोबर बोलली. पोच मिळाली, मंजुरी नाही. मंजुरी त्यांच्याकडे. मागून मिळवायची नसते."

त्यानंतर ते थोडे मोकळे झाले. हिच्याशी सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलत. सामन्याला यायचे तेव्हा हात मांड्यांवर असत, खाली नसत. पण क्षेत्ररक्षक सीमारेषेवर गेला की पुढे सरकणं सुटलं नाही. मी एकदा म्हटलं, "नाना, झालं ना आता सगळं?"

"एक राहिला," ते म्हणाले. "तो टोपीवाला."

मी म्हटलं, आजकाल कुणालाही शोधता येतं. त्याला लिहा. नानांनी थर्मासचं झाकण फिरवून घट्ट केलं.

"हेच मी रोज करतो मनात. लिहितो आणि खोडतो. विचार करा गायधनी, तो आयुष्यात एक तास खेळला भारतात. तेवढ्यात एका सबंध स्टँडनं त्याच्या नावानं आरोळी ठोकली, असं त्याला वाटलं. त्यानं टोपी हलवली. आता तो खेळायचा थांबला असेल. घरी मुलाबाळांना सांगत असेल, भारतात लोक किती प्रेमाचे. मी लिहायचं काय? की बाबा, ते प्रेम नव्हतं? एकदा मी त्याला बोललो, ते त्याला कळलं नाही. आता माफी मागितली की कळेल. म्हणजे दुसऱ्यांदा मीच बोलणार."

"मग नका लिहू."

"नाही लिहिलं की मग माझी सुटका त्याच्या अज्ञानावर. तेही बरं नाही वाटत."

मी आयुष्यभर पुस्तकं वाचली, आणि नाना माझ्याकडे अशा आशेने बघत होते, की एखाद्या पुस्तकात ते असेल. ही आत चहा गाळत होती. टीव्हीवर पावसामुळे खेळ थांबलेला, मैदानावर आच्छादन ओढलेलं.

गेल्या खेपेचा ऑस्ट्रेलिया दौरा सुरू होण्याच्या थोडं आधी नाना गेले. झोपेत गेले, घरात कुणाला आवाज झाला नाही. त्यांनी लिहिलं होतं की नाही, मला माहीत नाही. बहुतेक नाही. शोकसभेत भाऊसाहेबांनी पुन्हा आवाजाबद्दल सांगितलं. भोये सर आले होते, मागे बसले होते. निघताना मला म्हणाले, "सरांनी वेळ लय घेतला. पण आले त्याच मैदानावर." सुनीता बंदोबस्तावर होती, आली नाही.

मेलबर्नच्या कसोटीला मी सवयीने पहाटे उठून बसलो. दाराकडे दोनदा कान गेला. सोफ्याचा उजवा कोपरा मोकळा. समालोचन बारीक केलेलं होतं. जेवणाच्या सुट्टीच्या जरा आधी आपला एक तरुण पोरगा, कुणाच्या तरी जागी आलेला, पळत सीमारेषेवर गेला. मागच्या स्टँडमधून कसलीशी चाल उठली, सगळ्यांच्या तोंडी एकदम. पोराने वळून बघितलं आणि हसून हात हलवला.

आतून ही म्हणाली, "एवढ्या सकाळी आवाज नका हो वाढवू, शेजारी झोपलेत."

मी रिमोट उचलला आणि वाढवला. ते काय म्हणताहेत ते नीट कळेना. आणखी वाढवला.